‘घरात कोणाला फिट्स येतात का?’ : साडेपाच महिन्यांच्या छकुलीचं प्रकरण

लहान मुलांच्या मेंदूविकारांवर काम करताना पहिल्या भेटीत पालकांना विचारायचे काही प्रश्न ठरलेले असतात. त्यातला एक प्रश्न मी या बाळाच्या वेळी चुकीचा विचारला. शब्द चुकले, काळ चुकला आणि विचारलं तेही चुकीच्या माणसांना. आजाराचं निदान चार दिवस लांबलं. त्या चार दिवसांत बाळाचं कायमचं नुकसान झालं नाही, पण तिच्या आईने फार सोसलं. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे. घरच्यांची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. बाळाला घरात छकुली म्हणतात, इथेही तेच म्हणू.

काळाचौकीच्या एका चाळीत राहणारं हे कुटुंब: आई, बाबा, आजी आणि छकुली. बाबा फोर्टमधल्या एका कार्यालयात कामाला, रोज कॉटन ग्रीनहून हार्बरची गाडी पकडतात. मूळ गाव मालवण तालुक्यात. छकुली पूर्ण दिवसांची, जन्मताना वजन 2.9 किलो, जन्मल्या जन्मल्या रडलेली. साडेपाच महिन्यांपर्यंत सर्दीपलीकडे दुखणं माहीत नव्हतं. मान छान धरलेली, कुशीवर वळायची, आजीचा आवाज आला की खिदळायची.

एका सकाळी सहाच्या सुमारास ती दूध पिता पिता थांबली. आईला वाटलं, पेंगली असेल. पण डोळे उघडे होते आणि एका जागी खिळले होते. मग मान आणि डोळे हळूहळू उजवीकडे वळत गेले, ओठ निळसर पडले, तोंडाची चावल्यासारखी हालचाल झाली आणि शेवटी सगळं अंग ताठ होऊन दोन्ही हातांना झटके आले. सगळं मिळून दीड मिनिट. नंतर ती गाढ झोपली आणि अर्ध्या तासाने उठून नेहमीसारखी खेळू लागली. ताप नव्हता, उलटी-जुलाब नव्हते.

जवळच्या दवाखान्यात ‘गॅस अडकला असेल, दूध पाजल्यावर ढेकर काढत जा’ असं सांगून त्यांना घरी पाठवलं. अकरा वाजता पुन्हा तसंच झालं. तिसरा झटका दुपारी आमच्याकडे येताना टॅक्सीत आला. रात्री वॉर्डात आणखी दोन. चोवीस तासांत पाच झटके आणि मधल्या वेळात बाळ ठणठणीत! तान्ह्या बाळांना येणाऱ्या, आपोआप थांबणाऱ्या सौम्य प्रकारचे झटके एखाद-दोन दिवसांत एकामागोमाग एक, जथ्याने येतात, मग कधी कधी आठवडेच्या आठवडे काही होत नाही. हा जथा आणि मधल्या वेळचं हसतं बाळ या दोन खुणा तेव्हाच माझ्यासमोर होत्या.

तिसरी खूण बाबांच्या मोबाइलमध्ये होती. दुसऱ्या झटक्याच्या वेळी त्यांनी चाळीस सेकंदांचं चित्रण केलं होतं. ते दाखवताना त्यांना फार अपराधी वाटत होतं. मुलगी निळी पडलेली आणि बाप मोबाइल धरून उभा, असं शेजारची कुणी बाई बोलली होती. मी त्यांना सांगितलं आणि इथेही सांगते, त्या चाळीस सेकंदांनी मला जे कळलं ते रक्ताच्या कुठल्याही तपासणीतून कळलं नसतं. सकाळी आईने मान उजवीकडे वळलेली पाहिली होती, चित्रणात ती डावीकडे वळत होती. मेंदूच्या एखाद्या कोपऱ्यात जखम किंवा गाठ असती तर झटका सहसा त्याच जागेवरून सुरू झाला असता आणि बाजूही तीच राहिली असती. इथे बाजू बदलत होती.

तरीही त्या रात्री ‘सौम्य’ हा शब्द मी उच्चारला नाही. उच्चारायचा नसतोच. या वयात ताप नसताना झटके आले की आधी तातडीची कारणं खोडून काढावी लागतात. रक्तातली साखर, सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम पाहिलं. कॅल्शियमवर माझा विशेष डोळा असतो, कारण आईच्याच अंगात ड जीवनसत्त्व कमी असलं की अंगावर पिणाऱ्या बाळाचं कॅल्शियम घसरून झटके येऊ शकतात. इतकं ऊन पडणाऱ्या आपल्या शहरात हे अजूनही पाहायला मिळतं. छकुलीचं सगळं ठीक निघालं. टाळू फुगलेली नव्हती, ताप नव्हता, बाळ तरतरीत होतं, म्हणून पाठीतून पाणी काढलं नाही.

डोक्यात दोन मोठ्या भीती असतात. पहिली वेस्ट सिंड्रोमची. त्यात बाळ क्षणभर पुढे वाकतं, हात फाकतात, लगेच सोडतं आणि असं ओळीने दहा-वीस वेळा होतं, बहुतेक झोपेतून उठताना. घरच्यांना ते पोटदुखी किंवा दचकणं वाटतं. दिसायला ते छकुलीच्या झटक्यांपेक्षा कितीतरी किरकोळ, पण त्यात बाळ शिकलेलं विसरू लागतं आणि उपचारांना झालेला प्रत्येक आठवड्याचा उशीर महागात पडतो. दुसरी भीती द्रावे सिंड्रोमची. त्यातही सुरुवात पहिल्याच वर्षात होते, पण झटके लांबतात, कधी अर्धा तास चालतात आणि बहुतेक वेळा तापाबरोबर येतात. द्रावे असेल तर कार्बामाझेपीन हे औषध झटके वाढवतं. छकुलीला जो आजार निघाला त्यात नेमकं तेच औषध सगळ्यांत चांगलं लागू पडतं. निदानावर इतकं अवलंबून होतं.

ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेख, झोपेत केला, नॉर्मल आला. सुदैवाने दुसऱ्या दिवशी तारा लावलेल्या असतानाच एक झटका आला. तो मेंदूच्या मागच्या भागातून सुरू होऊन पसरताना दिसला आणि थांबल्यावर आलेख पुन्हा स्वच्छ झाला. एमआरआयसाठी बाळाला झोपेचं औषध द्यावं लागलं. तो अर्धा तास आई बाहेरच्या बाकावर तिचं झबलं मुठीत धरून बसली होती. एमआरआयही नॉर्मल आला.

आता माझ्या प्रश्नाकडे येते. पहिल्या संध्याकाळी मी आई-बाबांना विचारलं, ‘‘तुमच्या घरात कोणाला फिट्स येतात का? एपिलेप्सी आहे का कोणाला?’’ दोघंही ‘नाही’ म्हणाले. खोटं कोणीच बोललं नाही. आजी दारापाशी पिशवी घेऊन उभ्या होत्या, त्यांना मी विचारलंच नाही. फाइलवर लिहिलं, ‘कौटुंबिक इतिहास नाही’.

पुढचे तीन दिवस लेव्हेटिरासिटाम हे झटक्यांवरचं औषध सुरू होतं. झटके कमी झाले, थांबले नाहीत. एवढ्यात वॉर्डाबाहेर दुसरीच चौकशी सुरू झाली होती. पोटुशी असताना सूनबाई ग्रहणात बाहेर पडली होती का? साडेतीन महिन्यांच्या लशीनंतर तर झालं नाही ना? तिच्या माहेरी कोणाला काही आहे का? भेटीच्या वेळी येणारा प्रत्येक नातलग एक-एक कारण ठेवून जात होता आणि सगळ्या कारणांचा रोख आईकडे होता. लशीला दोन महिने होऊन गेले होते, तिचा काही संबंध नाही, हे मी सांगितलं. तिच्या माहेरबद्दल मात्र ठामपणे काही सांगायला माझ्याकडे तेव्हा काही नव्हतं. तिसऱ्या रात्री ती मला म्हणाली, ‘‘मॅडम, माझ्याकडूनच आलं असेल तर तेवढं मला एकटीला सांगा.’’

चौथ्या दिवशी संध्याकाळी आजी डबा घेऊन आल्या आणि मला जिन्यात गाठलं. त्यांनी विचारलं ते साधंच होतं, ‘‘डॉक्टरांनु, ह्या औषधान आकडी बंद होतली काय? माज्या झिलाची आपसूकच बंद झाली होती.’’

मी तिथेच थांबले. आकडी! हा शब्द मी चार दिवसांत एकदाही वापरला नव्हता. आजींच्या लेखी ‘फिट’ म्हणजे मोठ्या माणसाला रस्त्यात येते ती, तोंडाला फेस येणारी. तान्ह्या बाळाला येते ती आकडी, आणि ती तर दोन वर्षांचं मूल झालं की जाते. शिवाय मी ‘येतात का’ असं विचारलं होतं. येत नव्हत्याच. आल्या होत्या, तीसेक वर्षांपूर्वी.

मग बाकावर बसून त्यांनी सगळं सांगितलं. मुलगा सहा महिन्यांचा असताना दिवसाला पाच-सहा वेळा आकडी यायची. तालुक्याला नेलं होतं, गावात अंगारा लावला, देवीला नवस बोलला. वर्ष-दीड वर्षाचा होता होता थांबली, परत कधी आली नाही. यजमानांच्या एका बहिणीलाही तान्हेपणी तसंच झालं होतं, असं सासूबाई म्हणायच्या. पुढे मुलीचं, म्हणजे छकुलीच्या आत्याचं, लग्न ठरायच्या वेळी घरात ठरलं की हा विषय काढायचा नाही. मुलगा तेव्हा शाळकरी होता, त्याला स्वतःलाही कोणी कधी सांगितलं नाही. सून घरात आली तेव्हा सांगायचा प्रश्नच नव्हता.

आजींवर रागवावंसं मला वाटलं नाही. अपस्माराचे, म्हणजे एपिलेप्सीचे, वारंवार झटके येणाऱ्या माणसाचं लग्न कायद्याच्या अटींत बसत नाही, असं 1976च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यातच लिहिलं गेलं होतं. तो शब्द 1999च्या दुरुस्तीने काढला गेला. कायद्याच्या पुस्तकातून शब्द गेला म्हणून स्थळं पाहणाऱ्यांच्या मनातून तो लगेच जात नाही. पण त्या मौनाचा भार कोणावर पडला, हेही मी डोळ्यांनी पाहत होते.

त्याच रात्री बाबांशी वेगळं बोलले. तान्हेपणच्या आकडीबद्दल त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं. मी पुढचा प्रश्न विचारला, ‘‘एकदम उठलात, पळायला लागलात, की हातपाय वाकडे होतात का कधी?’’ ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘हे तुम्हाला कोणी सांगितलं?’’

नववीत असल्यापासून त्यांना हे होत होतं. वर्गात सरांनी नाव घेतलं आणि झटकन उभं राहिलं की आधी डाव्या पायात झिणझिण्या, मग पाय आणि हात पिळवटल्यासारखे वळायचे. दहा-पंधरा सेकंद. शुद्ध जात नसे. कॉलेजात असताना दिवसातून दहादा व्हायचं. गाडी फलाटावर शिरताना सगळे धावतात तेव्हा हे खांबाला टेकून उभे राहायचे आणि ती गाडी सोडून द्यायचे. एका डॉक्टरांनी ‘मनाचं आहे, टेन्शन घेऊ नका’ म्हटलं, तेव्हापासून कोणापाशी बोलले नाहीत. बायकोलाही माहीत नव्हतं. तिशीनंतर आपोआप बरंच कमी झालं होतं.

तान्हेपणी झटके आणि वयात येताना अचानक हालचालीने हातपाय पिळवटणं, ही जोडी एकाच घरात दिसली की पीआरआरटी-2 या जीनचा (जनुकाचा) विचार करावाच लागतो. जपानमध्ये वातानाबे यांनी 1987मध्ये तान्ह्या बाळांच्या अशा सौम्य झटक्यांचं वर्णन केलं. इटलीत विजेवानो आणि सहकाऱ्यांनी 1992मध्ये एकाच घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या येणारा प्रकार मांडला. हातपाय पिळवटण्याचा दोष या जीनमध्ये असल्याचं 2011च्या अखेरीस चिनी संशोधकांना सापडलं आणि लगेच 2012मध्ये घराण्यात चालणाऱ्या बाळझटक्यांमागेही बहुतांश तोच जीन निघाला. वरकरणी एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन दुखण्यांचं मूळ एकच होतं.

हा जीन सोळाव्या गुणसूत्रावर असतो. त्यापासून बनणारं प्रथिन मज्जापेशींच्या टोकाशी, एक पेशी दुसरीला रासायनिक निरोप देते त्या जागी, निरोप किती आणि कधी सुटावा यावर लगाम ठेवतं. प्रथिन निम्मंच बनलं की लगाम सैल पडतो. दोष बहुतेक वेळा एकाच जागी असतो. तिथे जीनच्या रासायनिक लिपीतलं ‘सी’ हे अक्षर ओळीने नऊ वेळा येतं आणि प्रत काढताना दहावा ‘सी’ पडतो. पाटीवर एकच अक्षर ओळीने गिरवताना पोराचा मोजणीत गोंधळ व्हावा, तसं. म्हणून जगाच्या दोन टोकांच्या, एकमेकांशी नातं नसलेल्या कुटुंबांतही हुबेहूब तीच चूक सापडते. एका ओळीत तेच अक्षर असल्याने सरसकट जीन वाचणाऱ्या तपासणीत ही जागा कधी कधी नजरेतून सुटते. आम्ही तेवढीच जागा अक्षर-अक्षर वाचणाऱ्या सँगर पद्धतीने वेगळी तपासणी मागवली. काही आठवड्यांनी अहवाल आला: छकुलीत तोच बदल, बाबांतही तोच, आईत नाही.

औषधासाठी मात्र अहवालाची वाट पाहिली नाही. आजींशी बोलणं झालं त्याच रात्री कमी मात्रेत कार्बामाझेपीनचं सिरप सुरू केलं. दुसऱ्या दिवशी एक छोटा झटका आला, तो शेवटचा. लेव्हेटिरासिटाम हळूहळू बंद केलं. घरी पाठवताना दोन गोष्टी बजावून सांगितल्या. हे औषध बाटलीच्या तळाशी बसतं, प्रत्येक वेळी नीट हलवूनच द्यायचं, नाहीतर वरचं पातळ आधी जातं आणि महिनाअखेरीस बाळाला जास्त मात्रा मिळते. आणि अंगावर पुरळ दिसलं तर त्याच दिवशी यायचं.

घरी झटका आला तर काय करायचं, हे आजींना समोर बसवून समजावलं, कारण दिवसभर बाळ त्यांच्याकडे असतं. कुशीवर वळवायचं, घड्याळ पाहायचं, तोंडात बोट, चमचा, पाणी, काहीही घालायचं नाही. कांदा किंवा चप्पल हुंगवायची नाही. त्यात वेळ जातो आणि बाळ गुदमरू शकतं. झटका पाच मिनिटांपर्यंत थांबला नाही तर वजनाप्रमाणे लिहून दिलेला, झटका थांबवणाऱ्या मिडाझोलाम या औषधाचा फवारा नाकात मारायचा आणि टॅक्सी गाठायची. तो फवारा अजून एकदाही वापरावा लागलेला नाही. नवव्या महिन्याची गोवराची लस द्यायची का, हे विचारायला आई मुद्दाम येऊन गेली. द्यायची, सगळ्या लशी वेळेवर द्यायच्या. दिल्या, काही झालं नाही.

आंतरराष्ट्रीय अपस्मार संघटनेने 2022च्या वर्गीकरणात या आजारांच्या नावांतला ‘सौम्य’ शब्द काढून त्या जागी ‘आपोआप थांबणारा’ या अर्थाचा शब्द घेतला. मला तो बदल पटतो. झटके साधारण दोन वर्षांच्या आत थांबतात, बाळाची वाढ नीट होते, हे खरं. पण टॅक्सीत मांडीवर निळं पडलेलं बाळ घेऊन बसलेल्या आईला त्यात सौम्य काय दिसणार? शिवाय त्या शब्दाच्या भरवशावर कोणी तपासणीच टाळली, तर वेस्ट सिंड्रोमचं एखादं बाळ हातचं जाईल. आजार आपोआप थांबणारा होता हे खरं तर तो थांबल्यावरच कळतं. घरात आधी असं झालेलं असेल तरच ते आधी सांगता येतं, आणि छकुलीच्या घरात ते आजींना ठाऊक होतं.

आता मी प्रश्न असे विचारते: तुमच्या किंवा तुमच्या भावंडांच्या तान्हेपणी कोणाला आकडी, झटके, डोळे फिरवणं असं काही झालं होतं का? वयात येताना कोणाचे हातपाय अचानक वाकडे व्हायचे का? आणि घरातल्या सगळ्यांत जुन्या बाईला, जमलं तर सून-मुलासमोर न विचारता, वेगळं विचारते.

दीड वर्षाची झाल्यावर छकुलीचं औषध हळूहळू कमी करत बंद केलं. आता ती बालवाडीत जाते, अखंड बोलते. पुढे वयात येताना बाबांसारखा त्रास तिला होऊ शकतो, होणारच असं नाही. तो काय असतो आणि त्यावर सोपं औषध आहे, हे घरात आता माहीत आहे. बाबांनीही मज्जाविकार तज्ज्ञांना दाखवलं. रात्रीची एक लहानशी गोळी सुरू झाली आणि पिळवटणं थांबलं. वीस वर्षांत पहिल्यांदा धावत गाडी पकडली, हे सांगायला ते मुद्दाम आले होते.

सगळं जुळून आलं असं मात्र म्हणवत नाही. सासूबाईंना माहीत होतं आणि तरी चार दिवस आपल्या माहेरचा उद्धार चालू दिला, हे छकुलीची आई विसरलेली नाही. ती आजींशी नीट वागते, जेवायला वाढते, पण त्यांच्याविषयी बोलताना तिचा आवाज बदलतो. त्यावर माझ्याकडे औषध नाही.

तिला आता दुसऱ्यांदा सातवा महिना लागला आहे. या बाळात तो बदल येण्याची शक्यता निम्मी. आला तरी झटके येतीलच असं नाही, काहींना आयुष्यात कधीच काही होत नाही. जन्मतः काही करायचं नाही, आधीपासून औषध द्यायचं नाही. झटका आलाच तर कोणत्या तपासण्या, कोणतं औषध, किती वजनाला किती, हे सगळं एका कागदावर लिहून मी तिला दिलं. त्या दिवशी आजी बरोबर होत्या. त्यांनी तो कागद मला मोठ्याने वाचायला लावला, शेवटपर्यंत ऐकला आणि म्हणाल्या, ह्यात आकडी खंय लिवलास? मी पेन काढून सगळ्यांत वर लिहिलं: वडिलांना तान्हेपणी आकडी येत असे.